विश्लेषण : लढाऊ विमानांमधील ‘डेटा लिंक’ म्हणजे काय? भारताला स्वतःची यंत्रणा का हवी?

हवाई युद्ध म्हटले, की विमान कोणते आणि क्षेपणास्त्राचा पल्ला किती याचीच चर्चा होते. मात्र, ही विमाने परस्परांशी आणि जमिनीवरील नियंत्रण कक्षाशी कशी जोडलेली आहेत, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो. हे काम ‘डेटा लिंक’ करते.

डेटा लिंक म्हणजे काय?

पूर्वी जमिनीवरील रडारवर शत्रूचे विमान दिसले, की नियंत्रक रेडिओवरून वैमानिकाला त्याची दिशा, उंची आणि अंतर सांगत असे. ते ऐकून वैमानिकाला आकाशातील चित्र मनातच उभे करावे लागे. विमाने वाढली, की एकाच वाहिनीवर बोलणाऱ्यांची गर्दी होते आणि संदेश हुकतात. डेटा लिंकमध्ये हीच माहिती कूटबद्ध होऊन संगणकाकडून संगणकाकडे जाते आणि वैमानिकासमोरील पडद्यावर नकाशासारखी उमटते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५९ मध्ये सेवेत आलेल्या एफ-१०६ विमानाला जमिनीवरील ‘सेज’ या संगणकीय यंत्रणेकडून अशीच माहिती मिळत असे.

‘लिंक-१६’ कशी काम करते?

‘नाटो’ देशांची ‘लिंक-१६’ ही सर्वांत परिचित यंत्रणा. तिच्यात एका सेकंदाचे १२८ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक सदस्याला ठरलेल्या भागात संदेश पाठवता येतो. त्यामुळे गोंधळ होत नाही. ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील ५१ वारंवारितांवर संदेश सतत उड्या मारत असल्याने तो जॅम करणे अवघड जाते. प्रत्येक विमान आपले स्थान आणि ओळखही कळवत राहते.

याचा प्रत्यक्ष फायदा काय?

रडार सुरू केले, की विमानाचा ठावठिकाणा शत्रूला कळू शकतो. डेटा लिंक असल्यास पुढचे विमान आपले रडार बंद ठेवून मागे दूरवर असलेल्या टेहळणी विमानाच्या रडारवरील चित्र पाहू शकते. एकाच लक्ष्यावर दोघांनी क्षेपणास्त्र वाया घालवणेही टळते. अर्थात, मर्यादाही आहेत. संदेश सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआड किंवा क्षितिजापलीकडे तो पोहोचवण्यासाठी मध्यस्थ विमान लागते.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी काय घडले?

बालाकोट हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काश्मीरच्या आकाशात चकमक सुरू असताना बडगामजवळ भारताच्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. त्यात हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. ही मोठी चूक होती, असे तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केले. मित्र-शत्रू ओळखणारी यंत्रणा डेटा लिंकहून वेगळी असते. पण आपले कोण, कुठे आहे हे सर्वांना एकाच पडद्यावर दिसणे किती मोलाचे आहे, हे या घटनेने दाखवले. त्याच दिवशी पडलेल्या मिग-२१ बायसनच्या वैमानिकापर्यंत माघारीचा संदेश जॅमिंगमुळे पोहोचला नाही, असे वृत्तही माध्यमांत आले होते.

भारतापुढील अडचण कोणती?

सुखोई आणि मिग रशियन, राफेल आणि मिराज फ्रेंच, तेजस स्वदेशी. तर ‘फाल्कन’ टेहळणी विमानात इस्रायली रडार रशियन विमानावर बसवलेले. प्रत्येकाची संगणकीय ‘भाषा’ वेगळी. त्यांना जोडायचे, तर विमानाच्या मूळ संगणकप्रणालीत बदल करावे लागतात आणि त्यासाठी अनेकदा उत्पादक देशाचे सहकार्य लागते.

मग परदेशी यंत्रणाच का घेऊ नये?

लिंक-१६च्या कूटसंकेतांच्या किल्ल्या अमेरिकेच्या नियंत्रणात असतात. भारताने २०१८ मध्ये अमेरिकेशी ‘कॉमकासा’ हा सुरक्षित दळणवळण करार केला. त्यामुळे अमेरिकी बनावटीच्या विमानांवर त्या देशाची कूटबद्ध उपकरणे वापरता येतात. पण संपूर्ण ताफा त्यावर सोपवल्यास ऐन युद्धात दुसऱ्या देशाच्या मर्जीवर राहावे लागेल. जमिनीवर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साह्याने उभारलेली एकात्मिक हवाई नियंत्रण यंत्रणा अनेक रडारचे चित्र एकत्र आणते. तेच चित्र प्रत्येक कॉकपिटपर्यंत स्वदेशी, सुरक्षित मार्गाने पोहोचवणे हा पुढचा आणि अधिक कठीण टप्पा आहे.