मिया हॅम: लीग नव्हती, तेव्हा कॉलेजच सगळं काही होतं

बसमध्ये उभे असाल तर इयरफोन लावून ऐका, नाहीतर निवांत खाली वाचा. बोललेलंच जरा नीट करून लिहिलंय.

आजचा प्रश्न सरळ आहे. ज्या देशात तेव्हा बायकांसाठी पूर्ण वेळ पगार देणारी एकही फुटबॉल लीग नव्हती, तिथे जगातली सगळ्यात भारी महिला फुटबॉलपटू तयार झाली कशी? देश अमेरिका, खेळाडू मिया हॅम. उत्तर दडलंय तिच्या कॉलेजच्या वर्षांत.

आधी एक शब्द क्लिअर करू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिकडचा ‘फुटबॉल’ म्हणजे तो लांबट बॉलवाला, धडकाधडकीचा खेळ. गंमत म्हणजे शाळेत असताना मिया तोही खेळलीय, चक्क मुलांच्या टीममधून!

मियाचा जन्म १७ मार्च १९७२चा, अलाबामा राज्यातला. जन्मतः एका पायात दोष होता, त्यामुळे लहानपणी खास बूट घालावे लागायचे. वडील हवाई दलात, म्हणजे बदलीची नोकरी. इटलीत राहिले, मग टेक्सासमध्ये. घरात दत्तक घेतलेला मोठा भाऊ होता, गॅरेट. आपल्या मित्रांबरोबर खेळताना तो या छोट्या बहिणीला हमखास टीममध्ये घ्यायचा. ‘ही लहान आहे, हिला नको’ असं नाही.

त्याच १९७२ साली जूनमध्ये अमेरिकेत एक कायदा आला, ‘टायटल नाईन’. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेदभाव करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. खेळाचा तर उल्लेखसुद्धा नव्हता. पण कॉलेजच्या टीम आणि खेळाच्या शिष्यवृत्त्या हाही शिक्षणसंस्थेचाच भाग ना? मग मुलींनाही संधी द्यावी लागली. हळूहळू कॉलेजांत मुलींच्या सॉकर टीम उभ्या राहिल्या आणि १९८२ला त्यांची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा झाली. ती जिंकली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने. हे नाव लक्षात ठेवा.

या विद्यापीठाचे कोच होते अँसन डोरन्स. मिया चौदा वर्षांची असताना टेक्सासच्या एका कोचने त्यांना सांगितलं, पोरगी बघायलाच हवी. डोरन्स मॅचला गेले आणि म्हणाले, ती कोण ते मला सांगू नका, मीच ओळखतो. किकऑफ झाला, बॉल पुढे आला आणि एक बारकीशी मुलगी तोफेतून सुटल्यासारखी धावली. ओळख पटली!

डोरन्स राष्ट्रीय संघाचेही कोच होते. ऑगस्ट १९८७मध्ये चीनविरुद्ध मिया अमेरिकेकडून खेळली, वय फक्त १५. तो संघही तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पण लगेच टाळ्या वाजवू नका. देशासाठी पहिला गोल करायला तिला जुलै १९९० उजाडला. जवळजवळ तीन वर्षं! रील्समध्ये आपल्याला फक्त गोल दिसतात, ही मधली वर्षं कुणी दाखवत नाही.

१९८९मध्ये ती नॉर्थ कॅरोलिनात आली. तिथला सराव कसा असायचा? प्रत्येक ड्रिलमध्ये कोण जिंकलं, कोण हरलं याची नोंद व्हायची, आकडे मांडले जायचे आणि क्रमवारी भिंतीवर लागायची. म्हणजे रोजच परीक्षा आणि रोजच निकाल. मिया मुळात लाजाळू, पण अशा टीममध्ये लपायला जागाच नव्हती. एकदा डोरन्स सकाळी गाडीने कामावर चालले होते. पार्कमध्ये एकटीच कुणी तरी स्प्रिंट मारत होती, घामाने चिंब, दमून गुडघ्यांवर वाकलेली. ती मिया होती. बघायला कोणी नव्हतं, तरी चाललं होतं.

मग आलं १९९१. महिलांचा पहिला वर्ल्ड कप, नोव्हेंबरमध्ये चीनला, म्हणजे ऐन कॉलेज सीझनमध्ये. इथे एक नियम कामाला आला, ‘रेडशर्ट’. एक वर्ष टीमकडून खेळायचं नाही, पण ते वर्ष फुकट जात नाही, नंतर वापरता येतं. मियाने तेच केलं. ती संघात सगळ्यात लहान होती, १९ वर्षांची, आणि दोन गोल करून आली. फायनलला नॉर्वेला २-१ हरवून अमेरिका विश्वविजेती झाली. इकडे तिच्याशिवायही नॉर्थ कॅरोलिनाने कॉलेजचं विजेतेपद जिंकलंच, हेही सांगायला हवं.

परत आल्यावर १९९२चा सीझन मात्र अफाट गेला. ३२ गोल आणि ३३ असिस्ट. नीट बघा, सगळ्यांना जिचे गोल आठवतात तिने त्या वर्षी गोल करण्यापेक्षा करून दिले जास्त. कॉलेजच्या हिशोबात गोलला २ गुण, असिस्टला १. चारही सीझन मिळून तिचे १०३ गोल, ७२ असिस्ट, म्हणजे २७८ गुण. चार सीझन, चार विजेतेपदं. ती खेळली त्या ९५ सामन्यांपैकी टीम फक्त एक हरली, १९९०मध्ये कनेटिकटविरुद्ध. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हर्मन ट्रॉफीही तिला दोनदा मिळाली, १९९२ आणि १९९३ला.

१९९४मध्ये राज्यशास्त्राची पदवी हातात आली. विद्यापीठाने तिची १९ नंबरची जर्सी कायमची राखून ठेवली. आणि पुढे काय? इथेच खरी गोची आहे. वय २२, देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, आणि रोज खेळायला पगारी क्लबच नाही. अमेरिकेत महिलांची पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली ती थेट २००१ला. मियाकडे निदान राष्ट्रीय संघ होता. तिच्याबरोबर घाम गाळणाऱ्या बाकीच्या मुलींचं काय? बहुतेकींसाठी कॉलेजची शेवटची मॅच हीच कारकिर्दीची शेवटची मॅच होती.

म्हणून मियाची गोष्ट फक्त टॅलेंटची नाही. टीममध्ये घेणारा भाऊ, दार उघडणारा कायदा, रोज मोजणारा कोच आणि कोणी बघत नसतानाचा तो पार्क. यातलं एक जरी नसतं, तरी तिचं नाव आज आपल्यापर्यंत पोचलं असतं का, कुणास ठाऊक.

तुमच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम आहे का? असेल तर तिची पुढची मॅच कधी आहे ते विचारा, आणि बघायला जा. भेटू पुढच्या भागात!