विश्लेषण : पेडलवरून पाय काढला तरी ट्रॅक्टर का सरकतो?

रोटाव्हेटर जोडताना एकजण ट्रॅक्टरवर बसलेला असतो आणि दुसरा मागे, ट्रॅक्टर व अवजाराच्या मधल्या हातभर जागेत उभा राहून पिना बसवत असतो. चालकाचा पाय पेडलवर नाही, इंजिन चालू आहे आणि ट्रॅक्टर गुपचूप मागे सरकू लागला, तर त्या माणसाला हटायला जागाच नसते. वेग मुंगीचा असला तरी वजन मुंगीचे नसते. पेण तालुक्यातील गडबसारख्या गावात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. एकीकडे मुंबई-गोवा महामार्ग, दुसरीकडे धरमतर खाडीकडे जाणारी अंबा नदी आणि या पट्ट्यात लहान खाचरांची भातशेती. अरुंद बांधाच्या टोकाला किंवा महामार्ग ओलांडण्यासाठी थांबलेले यंत्र थांबलेलेच राहायला हवे.

हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह म्हणजे काय?

साध्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनची ताकद क्लच आणि गिअरमधून चाकांकडे जाते. हायड्रोस्टॅटिक म्हणजे ‘एचएसटी’ पद्धतीत मध्ये तेल असते. इंजिन एक पंप फिरवते, पंप दाबाखालील तेल एका मोटरकडे ढकलतो आणि मोटर चाके फिरवते. पंपात ‘स्वॅशप्लेट’ नावाची तबकडी असते. ती सरळ असली की पंपातले पिस्टन पुढे-मागे होत नाहीत, तेल ढकलले जात नाही आणि यंत्र उभे राहते. पेडल दाबले की तबकडी कलते. जितकी कलेल तितका वेग. उलट बाजूला कलली की यंत्र मागे. क्लच दाबा, गिअर बदला ही कटकट नाही.

पण न्यूट्रल म्हणजे या यंत्रात गिअरचा खटका नव्हे, तर तबकडी बरोबर सरळ असण्याची एक बारीक जागा. तबकडी किंचित जरी कललेली राहिली, तरी थोडे तेल जात राहते आणि चाके हळूहळू फिरतात.

ही यंत्रे आपल्याकडे कुठे दिसतात?

कोकणात शेतावर दिसणारे छोटे ट्रॅक्टर बहुतांश गिअरचेच आहेत. महिंद्राची ‘ओजा’ ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये आली. तीही भारतात गिअरची आणि अमेरिकेत एचएसटीची. आपल्याकडे ही यंत्रणा बसून चालवायच्या भात लावणी यंत्रांत आणि भात कापणीच्या हार्वेस्टरमध्ये भेटते. तिथे पेडलऐवजी बहुधा हाताचा दांडा असतो, तत्त्व मात्र तेच. भाड्याने येणाऱ्या यंत्रावर रोज वेगळा चालक बसत असेल, तर हा दोष ‘याची सवयच आहे’ म्हणून पुढे ढकलला जाण्याची भीती अधिक.

दोष नेमका कुठे, हे कसे ओळखायचे?

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पाहावी : यंत्र सरकते कोणत्या दिशेला? मोकळ्या सपाट जागेत, आसपास कुणी नसताना, थोडे पुढे जाऊन पेडल सोडावे. मग थोडे मागे येऊन सोडावे. दोन्ही वेळा यंत्र एकाच दिशेला सरकत असेल, तर न्यूट्रलची जागा हलली आहे. जुळवणी करून ते सुटण्याची शक्यता मोठी. पण पुढे जाऊन थांबल्यावर पुढे आणि मागे येऊन थांबल्यावर मागे सरकत असेल, तर पेडल पूर्ण परत येत नाही. स्प्रिंग सैल झाली आहे, सांध्याचे बुश झिजले आहेत किंवा दांडी अडकते आहे. अशा वेळी कितीही वेळा जुळवणी केली तरी उपयोग नाही. एक दिशा बरी होईल, दुसरी बिघडेल.

खारपट्ट्यात दुसऱ्या प्रकाराला निमित्त तयारच असते. पेडलच्या मुळाशी बसलेला चिखल सुकून दगड होतो, खारट ओलाव्याने पिना गंजतात. म्हणून पहिला उपाय पान्याचा नाही, पाण्याचा आणि ग्रीसचा. पेडलखालचा भाग धुऊन, सुकवून, सांध्यांना ग्रीस देऊन पुन्हा तपासावे. पायाखाली घातलेले गोणपाट पेडलला अडत नाही ना, तेही पाहावे. हसू येईल, पण पुष्कळदा दोष इथेच निघतो.

जुळवणी कशी होते?

पेडल आणि पंपाचा हात यांना जोडणारी एक दांडी असते. तिला आटे आणि दोन्ही टोकांना लॉकनट असतात. काही यंत्रांत दांडीऐवजी स्प्रिंगजवळचा सरकता बोल्ट असतो. नेमकी जागा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच पाहावी.

आधी यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालवून तेल गरम करावे, कारण थंड, घट्ट तेलावर केलेली जुळवणी कामाच्या वेळी चुकते. मग पक्क्या जमिनीवर मागची चाके उचलून स्टँडवर घ्यावीत. नुसत्या जॅकवर नाही. चारचाकी ड्राइव्ह असेल तर पुढची बंद करावी आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. दांडीची मूळ जागा खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवावी.

इंजिन बंद करून लॉकनट सैल करायचे, दांडी अर्धा वेढा फिरवायची, हात बाहेर काढायचा, मग इंजिन सुरू करून चाके पाहायची. फिरतात? पुन्हा बंद, पुन्हा अर्धा वेढा. वेळ लागतो, पण चालू यंत्राखाली हात घालण्यापेक्षा बरा. पुढचे फिरणे जिथे थांबते ती जागा लक्षात ठेवावी. तसेच फिरवत गेल्यास चाके उलटी फिरू लागतात, तीही जागा नोंदवावी. या दोहोंच्या मध्यावर दांडी ठेवून लॉकनट आवळावेत. शेवटी कमी आणि जास्त, दोन्ही आरपीएमवर तपासावे.

आसनाखालचा सुरक्षा स्विच तारेने जोडून निकामी करण्याचा ‘जुगाड’ मात्र अजिबात नको. चालक उठल्यावर यंत्र बंद पाडणारी तीच एक गोष्ट असते.

मेकॅनिकला कधी बोलवावे?

स्प्रिंग घालूनही फरक पडत नसेल किंवा मध्यबिंदू सापडतच नसेल, तर पंपाच्या आतले काम आहे. ते शेतावर उघडायचे नाही.

इंजिन बंद असताना उतारावर यंत्र सावकाश घसरणे हा वेगळा प्रकार. पंप व मोटरमधून तेल थोडे झिरपतेच, म्हणून हायड्रोस्टॅटिक यंत्राला पार्किंग ब्रेक लावावाच लागतो. त्यासाठी दांडी फिरवू नये.

आणि गिअरचा ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबूनही सरकत असेल, तर क्लच पेडलची मोकळी चाल पाहावी. ती प्रमाणापेक्षा जास्त झाली की क्लच पूर्ण सुटत नाही. किती मिलिमीटर असावी, तो आकडा पुस्तिकेत असतो आणि तपासायला एक मोजपट्टी पुरते.