ईदगाह घरी आली तेव्हा

2020 साली रमजानचा पहिला रोजा 25 एप्रिलला होता. टाळेबंदी लागून तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. मशिदींतून अजान होत होती, पण आत इमाम, मुअज्जिन आणि दोन-चार माणसे, बस्स. संध्याकाळी फळांच्या गाड्या नाहीत, भज्यांच्या कढया नाहीत, रात्रीची नमाज सुटल्यावर चहाच्या टपरीवर रेंगाळणारी पोरे नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला रमजान हा उपवासांचा महिना वाटतो. मोहल्ल्यात राहणाऱ्याला विचारा, तो तितकाच गर्दीचाही महिना आहे. आणि त्या वर्षी नेमकी गर्दीच वर्ज्य ठरली होती.

पहिली अडचण तरावीहची आली. रमजानमध्ये रात्रीच्या नमाजला जोडून पढली जाणारी ही जादा नमाज. बहुतेक मशिदींत हाफिज महिनाभरात तीत सबंध कुरआन ऐकवतात. मक्केच्या मस्जिदे हराममध्येसुद्धा त्या वर्षी तरावीहच्या रकाती 20 वरून 10 वर आणल्या गेल्या. आपल्याकडे प्रश्न अगदी घरगुती होता : इमाम कोण होणार? हाफिज काही घरोघरी नसतात. मग ज्याला दहा-बारा लहान सूरा नीट पाठ, त्याला पुढे उभे करण्यात आले. कुठे आजोबा, कुठे कॉलेजात जाणारा मुलगा. सोफा भिंतीला सरकला, सतरंजी अंथरली गेली, पुरुषांची एक ओळ झाली आणि तिच्या मागे आई, बहीण, सून अशी दुसरी.

ही मागची ओळ समजून घ्यायला हवी. हदीसमध्ये प्रेषितांनी स्त्रियांनाही ईदच्या नमाजसाठी मैदानावर आणण्यास सांगितल्याची नोंद आहे. आपल्या भागात मात्र ती चाल फारशी उरली नाही. बहुतेक मशिदींत स्त्रियांसाठी जागाच नसते, ईदगाहवर तर क्वचितच. त्यामुळे ईदच्या सकाळचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले : पुरुष अत्तर लावून ईदगाहकडे, आणि बायका शिरखुर्म्याच्या पातेल्यापाशी. घरातली आई रोजे पूर्ण करते, पहाटे सर्वांच्या आधी उठून सहरी रांधते, पण ज्या जमातीने सण साजरा होतो ती जमात तिने अनेकदा आयुष्यभर पाहिलेलीच नसते. टाळेबंदीने पुरुषांची मशीद बंद केली आणि या बायकांना पहिल्यांदाच महिनाभर जमात मिळाली. हे कोणी ठरवून केले नव्हते, म्हणूनच ते लक्षात राहण्याजोगे आहे.

ईद आली ती सोमवारी, 25 मे रोजी. ईदच्या नमाजला अजान नसते आणि नेहमीच्या नमाजपेक्षा तीत काही तकबिरी जादा असतात. हात कधी सोडायचे आणि कधी बांधायचे, यात ईदगाहवर दरवर्षी शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहणारे पुष्कळ असतात. त्या वर्षी पाहायला शेजारी नव्हता! घरातल्या नवशिक्या इमामांनी आदल्या रात्री कागदावर क्रम लिहून पाठ केला. घरी ही नमाज होते की नाही, यावर उलेमांत मते वेगवेगळी होती. काहींनी किमान माणसांची अट पुरी होत असेल तर पढा म्हटले, काहींनी त्याऐवजी चाश्तची नफील नमाज सुचवली. यात नवे काहीच नव्हते. प्रेषितांचे सहकारी हजरत अनस बसऱ्यापासून दूर आपल्या वस्तीवर असत, तेव्हा घरच्यांना जमवून तिथेच ईदची नमाज पढत, असे बुखारीच्या संग्रहात नोंदले आहे. मुसळधार पावसात लोकांना घरीच नमाज पढायला सांगितल्याची उदाहरणे तर प्रेषितांच्या काळातली आहेत.

नव्या कपड्यांचे काय? धर्माने नवे कपडे कधीच मागितले नव्हते, असतील त्यांतले चांगले घाला एवढेच. त्या वर्षी ईदची खरेदी करू नका, तो पैसा बंद पडलेल्या मजुराच्या घरी द्या, अशी आवाहने गावोगावी झाली. मागणी होती ती फितऱ्याची. माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत, आणि तीही ईदच्या नमाजच्या आधी, म्हणजे गरिबाची चूल सणाच्या सकाळी थंड राहू नये. हे एक काम टाळेबंदीतही थांबण्याचे कारण नव्हते. यंत्रमागांचे गाव असलेल्या इचलकरंजीत तर मुस्लिम समाजाने रमजानमधल्या जकात-देणग्यांतून 36 लाख रुपये उभे करून तिथल्या आयजीएम रुग्णालयाला अतिदक्षता विभाग दिला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ईदच्या सुमारास त्याचे ऑनलाइन लोकार्पण केले. तिथे उपचार घेणाऱ्याला जात-धर्म विचारला जाणार नव्हता, हे सांगायची गरजही कुणाला वाटली नाही.

महिन्याभराने आषाढी आली आणि मानाच्या पालख्या एसटी बसने पंढरपूरला गेल्या. पायी वारी हुकल्याची हुरहूर वारकऱ्याला आणि ईदगाह हुकल्याची नमाजीला, दोघांनाही एकमेकांची समजली असेल.

या सगळ्याला गोड मुलामा देण्यात अर्थ नाही. गळाभेट नव्हती. ईदच्या दिवशी कबरस्तानात जाऊन आई-वडिलांसाठी दुआ मागणारे दारातूनच हात उचलून थांबले. रोजंदारीवर जगणाऱ्यांना शेवयाही उसन्या आणाव्या लागल्या. ज्या घरातून त्या महिन्यात जनाजा उठला, तिथे कसली ईद? आनंद झाला तो उरलेल्यांना, आणि तोही दबक्या आवाजात.

2022 मध्ये ईदगाह पुन्हा भरले. मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती, अनेकांचे डोळे भरून आले आणि ते योग्यच होते. घरातला सोफा मात्र जागेवर गेला आणि बहुतेक ठिकाणी मागची ओळही मोडली. पुरुषांना त्यांची ईद परत मिळाली. बायकांना मिळालेली ईद कुठे गेली, हे फारसे कोणी विचारले नाही. काही घरांत तरावीह अजून घरी होते. मशिदीतून परतलेला मुलगा सतरंजी अंथरतो, आई ओटा पुसून येते, आजी खुर्चीवर बसूनच नियत बांधते.