नोकरीआधीचं छप्पर

नोकरीशिवाय घर मिळत नाही आणि राहायला जागा असल्याशिवाय नोकरी शोधता येत नाही. मोठ्या शहरात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची ही कोंडी कोलकात्यात वर्षानुवर्षं मेसबाडीने, म्हणजे अनेकांनी मिळून राहण्या-जेवण्याच्या घराने, फोडली.

हॅरिसन रोड, म्हणजे आजचा महात्मा गांधी रोड, हावड्याचा पूल आणि सियालदह यांना जोडतो. दोन्ही टोकांना रेल्वे आणि मध्ये कॉलेज स्ट्रीट असल्याने या पट्ट्यात मेस दाटीने उभ्या राहिल्या. तिथे खोली भाड्याने घ्यावी लागत नसे, 'सीट' घेतली की झालं. सीट म्हणजे एक तक्तपोस (लाकडी फळ्यांचा साधा पलंग), त्याखाली ट्रंकेपुरती जागा आणि कपडे टांगायला दोरी. रांधायला ठाकूर असे, बाजार मेसकरी आळीपाळीने करत.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जेवणाचा हिशेब. कोण किती वेळा जेवला याची वहीत रोज नोंद होई. महिनाअखेरीला बाजारखर्चाला एकूण ताटांनी भागायचं की एका ताटाचा दर निघे. समजा, खर्च ३०० रुपये झाला आणि ताटं ६०० उठली, तर ताटाला आठ आणे. शनिवारी गावी गेलेल्याला त्या वेळचे पैसे पडत नसत. पगार सुरू व्हायचा असलेल्या माणसाला एवढी सवलतही मोठी. शिवाय शेजारच्या तक्तपोसवरचा कारकून कोणत्या कचेरीत जागा निघाली हे सांगे, ते वेगळंच.

म्हणून त्या दिवसांत हाल नव्हते असं नाही. १९२८ मध्ये सिटी कॉलेजातली नोकरी गेल्यावर कवी जीवनानंद दास यांना १९३५ पर्यंत, म्हणजे बरिशालच्या ब्रजमोहन कॉलेजात लागेपर्यंत, स्थिर काम मिळालं नाही. या काळात बायको-मुलगी बरिशालला आणि ते नोकरीच्या शोधात कोलकात्याच्या मेसमध्ये, असंही राहावं लागलं. तेव्हा गुपचूप लिहिलेल्या त्यांच्या कादंबऱ्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. बेकारी आणि तुटपुंजा संसार त्यांत जागोजागी आहे. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्षीही 'सत्यान्वेषी' कथेत आपण नोकरीच्या शोधात आलेले तरुण आहोत असं सांगत मेसमध्ये शिरतो. सगळीकडे जागा भरलेली, तेव्हा तिथेच राहणारा, कथा सांगणारा अजित त्याला आपल्याच खोलीत घेतो. वाचकाला हे बतावणीचं कारण खरं वाटलं, इतका तो प्रकार रोजचा होता.

मारवाड्यांची वाट याहून सरळ होती. शेखावाटीतून आलेल्या आपल्या भागातल्या पोरांसाठी एकोणिसाव्या शतकात नाथूराम सराफ यांनी कोलकात्यात बासा चालवला. राहणं-जेवण फुकट आणि ओळखीने पेढीवर काम. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांशी याचं नातं मराठी वाचकाला सांगायला नको. दोन्हीकडे जामीन एकच, गावाची ओळख. मात्र ज्याच्या गावचं कुणी नाही, त्याला हे दार बंदच. मेसचं दारही जवळपास पुरुषांपुरतंच होतं, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

पुढे या मेस ओस पडत गेल्या, त्याची कारणंही समजण्याजोगी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून माणसं कुटुंबासह आली, शनिवारी जायला मागे गाव उरलं नाही. १९५७ मध्ये हावडा ते शेवडाफुली विजेची गाडी सुरू झाली, पुढे ही सोय वाढत गेली आणि जवळपासचा कारकून घरूनच रोज ये-जा करू लागला. लांबून येणाऱ्याची गरज मात्र संपली नाही. आज तो पीजी शोधतो तेव्हा पहिल्याच दिवशी डिपॉझिट, आगाऊ भाडं आणि अनेकदा नोकरीचा पुरावा मागितला जातो. पहिल्या पगाराआधीच एवढे पैसे हवेत, हा मला अन्याय वाटतो. महापालिकांनी स्वस्तातली एकेक सीट, तीही मुलींसाठी आधी, आणि जेवढं जेवाल तेवढेच पैसे या अटीवर उपलब्ध करून द्यायला हवी. हिशेबाची रीत तर तयारच आहे.