शाळेच्या हॉलचे दिवे बदलताय? आधी भिंतीतली वायर बघा

गॅदरिंगची रंगीत तालीम सुरू असते. स्टेजवरचा पहिला दिवा लागतो, दुसरा लागतो, तिसराही लागतो. चौथ्याचं बटण वर केलं की स्टेज तर काळोखात जातंच, हॉलमधले पंखेही थांबतात. शिपाईमामा बोर्डाकडे पळतात, पडलेला एमसीबी वर करतात आणि मागून कुणीतरी म्हणतं, "तो चौथा नका लावू, तीनवर चालतंय की!"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळा असोत, गोव्यातल्या असोत किंवा इंदूर-बडोद्यातल्या जुन्या मराठी संस्था. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या हॉलमध्ये हे दृश्य नवं नाही. याच हॉलमध्ये मुलांचं स्नेहसंमेलन होतं, आणि मोठ्या नाट्यगृहाचं भाडं न परवडणारी हौशी मंडळी एकांकिकाही इथेच बसवतात. हॉल बंद पडला तर दोघांचीही पंचाईत.

चौथ्या दिव्याला वीज का जाते, हे साध्या गणितात कळतं. जुना हॅलोजनचा पार दिवा १००० वॅटचा. २३० व्होल्टवर तो साधारण ४.३५ अँपिअर ओढतो. तीन दिव्यांचे झाले १३, चौघांचे १७ च्या वर. एका लाइनवरचा एमसीबी १६ अँपिअरचा. म्हणजे तो पडतो तेव्हा बिघडलेला नसतो, आपलं काम करत असतो. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. "सारखा पडतोय" म्हणून कुणीतरी तिथे ३२ अँपिअरचा बसवतं, वायर मात्र जुनीच राहते. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. आणि ती तापलेली भिंतीच्या आत कुणाला दिसत नाही.

बिल वाचेल हा हिशेब फसवा

दिवे बदलायचा विषय शाळा समितीपुढे येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: एलईडी लावूया, बिल वाचेल. हे कागदावर मांडून बघायला हवं.

समजा १००० वॅटचे १२ दिवे आहेत, म्हणजे १२ किलोवॅट. तालमी, गॅदरिंग, एखादी स्पर्धा धरून वर्षात ६० तास सगळे पूर्ण पेटले, तर ७२० युनिट झाले. त्यांच्या जागी २०० वॅटचे १२ एलईडी घेतले तर १४४ युनिट. वाचले ५७६. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ५,७६० रुपये. या कामावर पाच लाख घातले, तर नुसत्या बिलातून ते वसूल व्हायला ऐंशीहून जास्त वर्षं लागतील. ५०,००० तासांच्या आयुष्याचंही तसंच. वर्षाला ६० तासांनी ते आठशे वर्षं पुरेल! त्याच्या कितीतरी आधी आतला ड्रायव्हर किंवा पंखा धुळीने आणि पावसाळी दमटपणाने जातो. म्हणून विक्रेत्याला तासांपेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती कुठे होणार, हे विचारावं.

मग बदलायचं कशाला? कारण १२ किलोवॅटला ५२ अँपिअर लागत होते, त्या जागी एलईडीला साधारण साडेदहा लागतात. तोच भार वायरिंग, बोर्ड आणि मीटरवरून उतरतो. शाळेचा मंजूर लोड निव्वळ स्टेजसाठी वाढवून घेतला असेल, तर तो कमी करायचा अर्ज करता येतो आणि दर महिन्याचा स्थिर आकार खाली येतो. शिवाय हॅलोजनची उष्णता जाते. मखमली पडद्याच्या हातभर अंतरावर तापलेला पार दिवा आणि शिडीवर चढून तो वळवणारा दहावीतला पोरगा, हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना बिलाचा मुद्दा सांगावा लागत नाही.

आधी वायर, मग दिवा

समितीला दिवे दिसतात, त्यामुळे पैसे दिव्यांवर जातात. खरं तर पहिला खर्च न दिसणाऱ्या गोष्टींवर व्हायला हवा. परवानाधारक ठेकेदाराकडून मेगर लावून वायरचं इन्सुलेशन आणि अर्थिंगचा रोध तपासून घ्यावा, आणि आकडे लेखी मागावेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम कर्नाटकात, गोव्यात, मध्य प्रदेशात सारखेच लागू आहेत. "आमचा नेहमीचा वायरमन आहे" एवढ्यावर भागवू नये. स्टेजच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायरला वाचवतो. दिव्याच्या लोखंडी अंगात करंट उतरला आणि मुलाचा हात लागला, तर मुलाला वाचवायला आरसीसीबी लागतो.

उंदीर हा या कामातला वेगळाच पक्षकार. माळ्यावरून नेलेल्या केबली वर्षातून एकदा तरी उघडून बघाव्यात. जुन्या दिव्यांच्या शेपटीवर पांढरट, धाग्यासारखं वेष्टण असेल तर ते खरवडू नये, ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. प्रत्येक दिव्याला क्लँपशिवाय एक सुरक्षा साखळी लागते. क्लँप ढिला झाला तरी दिवा खाली कुणाच्या डोक्यावर येत नाही. खर्चात ही सर्वात स्वस्त बाब, आणि कोटेशनमध्ये हमखास विसरली जाणारी.

जुना डिमर आणि नवा दिवा जमत नाही

सर्वात महाग चूक इथे होते. जुने डिमर थायरिस्टरवर चालतात. विजेच्या लाटेचा तुकडा कापून हॅलोजन मंद करतात. हॅलोजनची तार ते निमूट सोसते. स्टेजच्या एलईडीला मात्र अखंड, सरळ वीज लागते, मंद व्हायचं काम तो स्वतःच्या आत करतो. त्याला जुन्या डिमरवर जोडला तर तो फडफडतो किंवा त्याचा ड्रायव्हर जळतो. म्हणजे एलईडी घ्यायचे तर डिमर वगळून थेट लाइन ओढावी लागणार, आणि तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागणार.

दिव्याला हुकूम जातो तो डीएमएक्सने. १९८६ मध्ये अमेरिकेत ठरलेली ही पद्धत आजही जगभर चालते. एका लाइनवर ५१२ चॅनेल. जुन्या पार दिव्याला एक चॅनेल पुरायचं. रंग बदलणारा एलईडी एकटा सात-आठ खातो. असे आठ दिवे, सात चॅनेलने, ५६ झाले. शाळेचं २४ चॅनेलचं जुनं बटणांचं कन्सोल तिथेच संपलं. पैसे वाचवायला माइकची केबल डीएमएक्सला लावायचा मोह होतो, कारण तीन पिनांची टोकं सारखीच दिसतात. तालमीत चालतेही. ऐन कार्यक्रमात दिवे आपल्या मनाने लुकलुकायला लागतात. १२० ओहमची डीएमएक्स केबल आणि शेवटच्या दिव्याला टर्मिनेटर, एवढं केलं तर हा भुताटकीचा प्रकार बहुधा होत नाही.

दिवा निवडताना बाजारात काही हजारांत मिळणारा लाल-हिरवा-निळा पार फसवतो. नाचाला तो झकास. पण नाटकात त्याच्या पांढऱ्या उजेडात चेहरे आजारी दिसतात, कारण तीन रंग मिसळून केलेल्या पांढऱ्यात त्वचेचे मधले रंग येतच नाहीत. चेहऱ्यासाठी वेगळे उबदार पांढरे दिवे घ्यावेत, सीआरआय ९० च्या वर असलेले. हे दिवे स्टेजच्या आत टांगून उपयोग नाही. समोरून, प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या पाइपवरून साधारण ४५ अंशात उजेड आला तरच डोळे दिसतात. कित्येक शाळांच्या हॉलमध्ये समोर पाइपच नाही. तिथे पहिल्या वर्षी चार दिवे कमी घेऊन तो बसवणं जास्त शहाणपणाचं.

घेण्याआधी नमुन्याचा दिवा शाळेत आणून रात्री लावून बघावा. अगदी हळू मंद करताना तो झटक्याने विझतो का, पंख्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येतो का, आणि मोबाइलने व्हिडिओ घेतला तर पट्ट्या दिसतात का, हे पाहावं. पालक गॅदरिंग मोबाइलमधूनच बघतात, तेव्हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बघताना दिवे प्रत्यक्ष चालवणारा माणूस सोबत हवा. पणजीच्या कला अकादमीचं मोठं नूतनीकरण होऊन ती २०२३ मध्ये पुन्हा उघडली, तरी प्रकाश आणि ध्वनीवरून रंगकर्मींच्या तक्रारी सुरूच राहिल्या. शाळेचा हॉल लहान, पण विचारायचं कुणाला हा प्रश्न तोच.

कोटेशन तीन घ्यावीत आणि जीएसटी धरून तुलना करावी. शालेय शिक्षणाची सेवा करमुक्त असल्याने शाळेला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. वायरिंग, पाइप, केबल, कन्सोल, दिवे आणि शिकवणी अशा वेगळ्या ओळी मागाव्यात. एकरकमी आकड्यात काय गाळलंय ते कळत नाही. पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी वायरिंग, आरसीसीबी आणि डीएमएक्सची लाइन. दिवे पुढच्या दोन वर्षांत थोडे थोडे. काम मे महिन्याच्या सुट्टीत, नोव्हेंबरात नाही.

जुने पार सगळेच भंगारात घालायची गरज नाही. चांगल्या स्थितीतले दोन ठेवून त्यांना नवी वायर, स्वतंत्र लाइन आणि एक छोटा डिमर दिला, तर संध्याकाळचा पिवळा उजेड अजूनही तेच उत्तम देतात. त्यांचा बल्ब साधारण ३०० तासांचा असतो. वर्षाला ६० तासांनी पाच वर्षं जातील.