सेवायोजन कार्यालय आणि उमेदवार

सेवायोजन कार्यालय म्हणजे काय, असे कोणास विचारले तर उत्तर ठरलेले असते : एका बाजूस रिकाम्या जागा, दुसऱ्या बाजूस रिकामे हात, आणि दोहोंची गाठ घालून देणारी मधली सरकारी खिडकी. ही व्याख्या खोटी नाही, पण अपुरी आहे. ही खिडकी समोरच्या माणसास काही प्रश्न विचारते, आणि त्यांची उत्तरे देता देता माणूस त्या प्रश्नांच्या साच्यात बसू लागतो. या दुसऱ्या कार्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम इंग्लंडचे उदाहरण घेऊ. कारण तेथे या संस्थेचा पाया फार स्पष्ट विचाराने घातला गेला. मजुराने काम मागत कारखान्यांच्या दारोदार हिंडावे, हा वेळेचा व श्रमशक्तीचा अपव्यय होय. मागणीची खबर एका ठिकाणी यावी व मजुराने तेथे जावे, असे विल्यम बेव्हरिज यांचे प्रतिपादन होते. १९०९ साली कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी पहिली केंद्रे उघडली. पुढे बेकारभत्त्याचे कामही या केंद्रांकडे आले. महायुद्धानंतर बेकारी वाढली, तेव्हा १९२१ साली एक अट आली : आपण खरोखरच काम शोधत आहोत, हे भत्ता मागणाऱ्याने सिद्ध करावे. परिणाम काय झाला? जेथे काम मिळण्याचा संभव नाही हे ठाऊक होते, तेथेही मजूर जाऊन नकार गोळा करू लागला; कारण नकार हाच त्याचा पुरावा! ज्या वणवणीतून त्यास सोडवावयाचे, तीच त्याच्यावर लादली गेली. मंदीचा दोष त्याच्या दानतीचा प्रश्न बनला. १९३० साली ही अट रद्द झाली. दृष्टी मात्र उरली. १९९६ साली तेथील बेकारभत्त्याचे नावच 'काम शोधणाऱ्याचा भत्ता' असे झाले, आणि शोध कसा करणार याचा करार उमेदवाराकडून सही करून घेतला जाऊ लागला.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगार भरती जॉबरच्या हाती असे, आणि त्याला दस्तुरी दिल्यावाचून काम मिळणे कठीण. १९३१ साली व्हिटले कमिशनने या पद्धतीवर कठोर टीका केली. त्या मानाने वशिल्याऐवजी रांग आणणारे सरकारी कार्यालय हा निःसंशय मोठा सुधार होता. १९४५ साली युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी ही कार्यालये निघाली व लवकरच सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांसही रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. कार्यालयाने सुचविलेला माणूस घेण्याचे बंधन मात्र घातले नाही.

आपल्या कार्यालयांच्या नोंदणीमागे भत्ता नव्हता, म्हणून पुराव्याचा जाचही नव्हता. येथला जाच निराळा : प्रतीक्षेचा. नावे पाठविताना नोंदणीची ज्येष्ठता पाहिली जाई, आणि मुदतीत नूतनीकरण न केल्यास ती बुडे. म्हणून शालान्त परीक्षा होताच मुलगा नाव नोंदवी. शिकत असला किंवा इतरत्र चाकरीस लागला तरी कार्ड जपून ठेवी. या नोंदवहीतील आकडा म्हणजे बेकारांची खरी संख्या नव्हे, याचे एक कारण हे. 'कॉल येईल' या एका वाक्यावर घरेच्या घरे वर्षे काढीत. शिवाय गवंड्याच्या मुलाच्या हातचे कसब, प्रमाणपत्र नसल्यामुळे, कार्डावर क्वचितच उमटे. मॅट्रिकची नोंद उमटे आणि तो कारकुनीचा उमेदवार ठरे. इंग्लंडच्या खिडकीने माणसास नकार गोळा करावयास शिकविले. आपल्या खिडकीने वाट पाहावयास शिकविले.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, कार्यालयाकडून नावे मागवावीतच, पण वर्तमानपत्रांतूनही अर्ज मागवून सर्वांचा विचार करावा, असे सांगितले. २०१५ पासून राष्ट्रीय करिअर सेवा संगणकावर आली. रांग गेली, रकाने राहिले. रकान्यात न मावणारा माणूस आजही बाहेरच उभा राहतो.

आमच्या मते, अशा कार्यालयाचे मोजमाप केवळ भरलेल्या जागांवरून करू नये. तेथून बाहेर पडणाऱ्या उमेदवारास आपल्या अंगी काय आहे व त्याला कोठे मागणी आहे, हे आत येतानापेक्षा अधिक कळले काय, हेही विचारावे. त्यासाठी खिडकीपलीकडे सवड असलेला, ऐकून घेणारा माणूस हवा. काम देणे नेहमीच कार्यालयाच्या हाती नसते. पण काम मागणाऱ्यास लाचार न करणे, हे तर नेहमीच त्याच्या हाती असते.