वरच्या दाढेची सुई

"डॉक्टर, दाढ खुशाल काढा, पण सुई तेवढी नको हो!" ही विनवणी मी दंतवैद्य या नात्याने नेहमी ऐकतो. रात्र रात्र कण्हणारी माणसे सुईच्या धास्तीने दिवस काढतात आणि गाल सुजला की येतात. पू झालेल्या जागी बधिरतेचे औषध नीट लागू पडत नाही. तेव्हा सुईपेक्षा उशीरच अधिक दुखवतो!

खालच्या दाढांपाशी हाड घट्ट असते. तिथे मागे जाऊन मज्जातंतूच गाठावा लागतो. वरचे हाड मात्र पातळ, सच्छिद्र. मुळाशेजारी हिरडीत औषध सोडले की ते हाडात झिरपते आणि चार-पाच मिनिटांत दाढ बधिर होते. मग दाब जाणवतो, कळ नाही. टाळूची सुई तेवढी बोचते, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली. म्हणून आम्ही आधी बोळ्याने दाबून धरतो आणि औषध सावकाश सोडतो.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला. पाठोपाठ न्यूयॉर्कच्या हाल्स्टेडने ते जबड्यासाठी वापरले. स्वतःवरच्या प्रयोगांत बिचारा व्यसनात अडकला. १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेनने लिडोकेन तयार केले. त्याचे व्यसन लागत नाही. आज आम्ही बहुधा तेच टोचतो.

वाचकहो, हृदयविकार, रक्तदाब, चालू औषधे आधी सांगा. बधिरता उतरेपर्यंत गरम चहा आणि चकली दूर ठेवा. मुलांवर नजर असू द्या; बधिर ओठ ती गमतीने चावतात. आणि दाढ ठणकू लागली, तर गाल सुजण्याची वाट पाहू नका!